बंदर गेले, गाव राहिले

सहल म्हटली की आपल्या महाविद्यालयात दोन-चार नावे ठरलेली असतात. चिखलदरा तर घरचाच. वर्गणी जरा बरी जमली तर वेरूळ-अजिंठा. आणि मुलांनी फारच आग्रह धरला तर गोवा. या स्थळांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या पाहण्याच्या रीतीविषयी. गाडीतून उतरावे, 'पॉइंट' गाठावा, फोटो काढावा आणि पुन्हा गाडीत बसावे, यालाच आपण स्थलदर्शन म्हणत आलो. ज्यात माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत असे एखादे जुने गाव पायी हिंडून पाहावे, तिथल्या लोकांना चार प्रश्न विचारावेत, हे आपल्या कार्यक्रमपत्रिकेत कधी नसतेच. अशा एका गावाविषयी आणि त्या निमित्ताने आपल्या अमरावतीविषयी मला जे वाटते, ते इथे मांडतो.

ते गाव म्हणजे रायगड जिल्ह्यातले रेवदंडा. अलिबागच्या दक्षिणेला सतरा-अठरा किलोमीटरवर, कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ते वसले आहे. गेल्या हिवाळ्याच्या सुटीत आम्ही सहा जण आगगाडीने मुंबईला, तिथून लाँचने मांडव्याला आणि पुढे अलिबागमार्गे रेवदंड्याला गेलो. गावात शिरणारा रस्ता किल्ल्याच्या तटातूनच आत जातो. किल्ला आधी आणि गाव मागाहून असे तिथे नाहीच. गावच किल्ल्याच्या पोटात आहे. एका बाजूला पडका तट, दुसऱ्या बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच छप्पर गेलेल्या चर्चच्या भिंती, आणि सगळ्यांच्या वर डोके काढून उभा असलेला सातखणी मनोरा. नाव सातखणी असले तरी सात मजले आता शिल्लक नाहीत. तटापलीकडे पाच मिनिटे चालले की समुद्र.

आमच्यातला अचलपूरकडचा एक मित्र तासाभराने कंटाळला आणि म्हणाला, "एवढ्या लांब येऊन पाहाचं काय होतं हो अठी? पडक्या भिंती त आपल्या गावातबी हायेत!" आम्ही सारे हसलो. पण त्याचे वाक्य माझ्या मनातून गेले नाही, कारण ते अगदी खरे होते. त्याकडे मी पुढे वळणारच आहे. त्याआधी त्या पडक्या भिंती कशाच्या, ते सांगायला हवे.

रेवदंडा आणि त्याला लागून असलेले चौल ही मुळात एकाच बंदराची दोन अंगे. ग्रीक-रोमन लेखकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी 'सेमुल्ल' म्हणून ज्या बंदराचा उल्लेख केला, ते हेच चौल, असे अभ्यासक मानतात. वास्को-द-गामा कालिकतला पोचला १४९८ साली. त्याच्या सुमारे तीस वर्षे आधी, १४६९ च्या सुमारास, अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलला उतरला आणि बहामनी राज्यात हिंडून त्याने आपले प्रवासवृत्त लिहिले. त्याचे स्मारक आज रेवदंड्यात आहे. १५०८ साली याच बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना गाठले आणि त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. तरी पोर्तुगीज हटले नाहीत. १५२१ च्या सुमारास त्यांनी निजामशहाकडून परवानगी मिळवून इथे किल्ला बांधायला घेतला आणि १७४० साली मराठ्यांच्या हाती जाईपर्यंत तो त्यांच्याकडे राहिला.

या इतिहासाचा आपल्या वऱ्हाडाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहाने चौलला प्रचंड वेढा घातला, महिनोन्‌महिने तोफा डागल्या, पण बंदर काही पडले नाही. शेवटी तह करावा लागला. समुद्राकडे हात पोळलेल्या याच मूर्तजाने १५७४ साली आपली अचलपूरची इमादशाही बुडवली आणि गाविलगड, नरनाळा घेतले. म्हणजे जी फौज रेवदंड्याच्या तटाखाली अडली, त्याच राजाच्या फौजेने तीन वर्षांत वऱ्हाड गिळले. अचलपूरकडच्या आमच्या मित्राला हे सांगितले, तेव्हा तो त्या तटाकडे जरा आदराने पाहू लागला!

आणखी एक गंमत. १७७७ साली सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील चौलला उतरून पुणे दरबारी गेला. चौलचे बंदर फ्रेंचांना द्यावे अशी बोलणी नाना फडणिसांशी चालली आणि मुंबईचे इंग्रज त्यामुळे अस्वस्थ झाले. ते साधले असते तर पाँडिचेरीसारखे एक फ्रेंच गाव आज अलिबाग तालुक्यात असते. पण इतिहास निराळा घडला.

मग असे नामांकित बंदर गेले कसे? एखाद्या लढाईत ते जळून गेले नाही. खाडीच्या मुखाशी गाळ साचत गेला, जहाजे मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी हवे झाले, आणि ते खोल पाणी उत्तरेला मुंबईत होते. इंग्रजांनी सतराव्या शतकात मुंबई वाढवायला घेतली, तेव्हा चौलचे कसबी विणकर तिकडे वसवण्यात आले. कारागीर गेले, त्यांच्यामागे व्यापारी गेले, आणि व्यापाऱ्यांमागे बंदराचे नाव गेले. तट मात्र जागच्या जागी राहिला, कारण तटाला पाय नसतात.

पण रेवदंड्याला मी 'मेलेले बंदर' म्हणायला तयार नाही, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. तटाच्या आत एका वाडीत एक वृद्ध गृहस्थ पोफळींना पाणी सोडत होते. आम्ही किल्ल्याविषयी विचारले. ते म्हणाले, "तुम्ही घाटावरची मंडळी याला किल्ला म्हणता. आमच्या वाडीला हा गडगा आहे. समुद्राचा खारा वारा हा अडवतो, म्हणून आतल्या पोफळी जगतात." गडगा म्हणजे आवाराची दगडी भिंत. ज्या भिंतीने तोफगोळे अडवले, ती आता वारा अडवते! पडलेल्या दगडांचे विहिरीचे काठ झालेले दिसतात, घरांची जोती झालेली दिसतात. खाडीच्या बाजूला कोळ्यांच्या होड्या लागतात, टोपल्या उतरतात, भाव होतात. पावसाळ्यात मासेमारी बंद होते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून नवा हंगाम सुरू होतो. पलीकडे साळावला पोलाद कारखान्याचा धक्का आहे. खाडीच्या मुखाशी कोर्लईचा डोंगरी किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी कोर्लई गाव. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी तिथली हजाराच्या आसपास ख्रिस्ती माणसे आजही घरात पोर्तुगीजपासून बनलेली एक मिश्र बोली बोलतात आणि तिला 'नॉ लिंग', म्हणजे आपली बोली, म्हणतात. राज्य गेले, तोफा गंजल्या, पण आईने मुलाला हाक मारायची भाषा राहिली.

जुन्या वस्त्यांविषयी आपल्याकडे दोन मते नेहमी ऐकू येतात. पहिले मत व्यवहारी माणसाचे: जुने ते पडू द्या, रस्ता रुंद करा, त्या जागी व्यापारी संकुल उभारा. दुसरे मत इतिहासप्रेमी माणसाचे: आतल्या लोकांना हलवा, जागा मोकळी करा, कुंपण घाला, तिकीट लावा. ही दोन्ही मते मला सारखीच घातक वाटतात, कारण दोघांच्याही हिशेबात तिथे राहणारा माणूस ही अडचणच आहे. रेवदंड्यातून वाडीवाले काढले तर चार पावसाळ्यांत तटावर पिंपळ आणि रान माजेल, आणि विहिरी बुजतील. कोळी काढले तर बंदर हा शब्दच तिथे पोरका होईल.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेल नावाचे जुने बंदर आहे. त्याच्या तोंडाशी दोन मध्ययुगीन बुरूज उभे आहेत आणि पूर्वी रात्री त्यांच्यामध्ये साखळी ओढून बंदर बंद करीत. १६२७-२८ मध्ये रिशेल्यूने घातलेल्या वेढ्यात या गावाचे अतोनात हाल झाले. पुढे तिथेही मोठ्या जहाजांना पाणी पुरेना, तेव्हा १८९० च्या सुमारास जवळच ला पालिस येथे नवे खोल बंदर बांधले गेले. जुन्या बंदरात होड्या लागत राहिल्या, काठावर बाजार आणि घरे राहिली, म्हणून ते आजही पाहण्याजोगे आहे. फ्रेंचांकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, हे मान्य. पण जुन्या जागेला नवे काम मिळाले की ती टिकते, ही गोष्ट आमच्या रेवदंड्याच्या आजोबांनीही पैशावाचून करून दाखवली आहे.

आता आमच्या मित्राच्या वाक्याकडे येतो. पडक्या भिंती आपल्या गावातही आहेत. मित्रहो, अमरावतीचा परकोट आपण कधी पाहिला आहे काय? अंबागेटमधून रोज जाणारे-येणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण त्यातून जाणे वेगळे आणि तो पाहणे वेगळे. निजामाच्या अमलात, १८०७ साली, पेंढाऱ्यांपासून इथल्या सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून सुमारे सव्वादोन मैल घेराचा हा दगडी तट उभा राहिला. त्याला पाच वेशी आणि चार खिडक्या. खुनारी खिडकीचे नाव आपण सहज उच्चारतो. १८१८ च्या दंगलीत तिच्याजवळ सातशे माणसे मारली गेली आणि त्यावरून ते नाव पडले, अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. त्या जागेवरून आपण सायकलची घंटी वाजवीत जातो!

अमरावतीला समुद्र नाही, पण व्यापाराच्या दृष्टीने हेही एक बंदरच होते. आगगाडीपूर्वी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पाचशे मैलांवरच्या गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरकडे गेला आणि कापसाचे तोंड मुंबईकडे फिरले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने तटाबाहेर उभे राहिले, नवे शहर तटाबाहेर वाढले, आणि परकोटाच्या आतले गाव 'जुनी वस्ती' झाले. जे गाळाने आणि मोठ्या जहाजांनी रेवदंड्याचे केले, तेच रुळांनी आपल्या परकोटाचे केले. फरक एवढाच की रेवदंड्याच्या माणसाला आपला गडगा ठाऊक आहे. आपल्याला आपला ठाऊक नाही.

परकोटाविषयी बोलताना, "तिथे काय, नुसती गर्दी आणि अतिक्रमण" असे उद्गार मी सुशिक्षितांच्या तोंडून ऐकले आहेत. गर्दी आहे आणि तटाला लागून बांधकामेही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. तट ढासळतो तिथे त्याची डागडुजी झाली पाहिजे, वेशींवर जाहिराती चिकटवणाऱ्यांना आवरले पाहिजे. पण या कामात आतल्या रहिवाशाला आरोपी करून चालणार नाही. त्याला सोबत घेतले तरच ते तडीस जाईल. त्या गल्ल्यांतून कोणत्या घरी कोणता धंदा होता, अडतीचा व्यवहार कसा चाले, सरकी, रुई, गासडी यांचे हिशेब कोणत्या खुणांनी लिहीत, कोणत्या बोळाला कोणते जुने नाव होते, हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. भिंत पडली तर पुन्हा बांधता येते. या माणसांच्या आठवणी त्यांच्याबरोबर गेल्या की कोणत्याही खात्याला त्या परत आणता येणार नाहीत.

म्हणून प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थिमित्रांना माझी एक साधी सूचना आहे. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल आणि मराठी या चार विभागांनी मिळून वर्षातून चार रविवार परकोटासाठी ठेवावेत. दहा-दहा विद्यार्थ्यांच्या तुकड्या कराव्यात. एकीने तट मोजावा, दुसरीने नकाशा काढावा, तिसरीने धंद्यांची आणि चौथीने शब्दांची व नावांची वही करावी. बसभाडे लागणार नाही, वर्गणी लागणार नाही, परवानगीसाठी खेटे घालावे लागणार नाहीत. जमलेला मजकूर दरवर्षी याच वार्षिकात छापावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना पुढे काम करता येईल. पाच वर्षांत आपल्या हाती असे पुस्तक होईल की जे बाहेरचा कोणी विद्वान लिहून देणार नाही.

सहलीला कोकणात जरूर जावे. रेवदंडा पाहावा, कोर्लईच्या डोंगरावर चढून खाडी आणि समुद्र एकदम पाहावेत. पण त्याआधी एक रविवार घरचा काढावा. सुरुवात खुनारी खिडकीपासून करावी, असे मी सुचवतो. सकाळी आठला मी तिथे उभा राहायला तयार आहे. आणखी नऊ जण मिळाले की पहिली तुकडी पुरी झाली.