क्लॅरिनेटचे सोवळे

नायगावकडील वरातींत झिजलेला जुना क्लॅरिनेट पाहून नाक मुरडणाऱ्या रसिकांस आमचा एकच प्रश्न आहे. १७०० च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या डेन्नरने शालुमो या वाद्यास चाव्या जोडल्या. १८३९ ते १८४३ च्या दरम्यान पॅरिसच्या क्लोझे व ब्यूफे यांनी छिद्रांची मांडणीच पालटली. ती सुधारणा, आणि आमच्या वाजंत्र्याने छिद्रास मेण लावले की तो बिघाड? मेणाने छिद्र आकुंचते, स्वर किंचित उतरतो व गांधार हवा तेथे बसतो. हे गणित कानाने सोडविलेले आहे. म्हणून संग्रहालयांनी 'मूळ रूपा'च्या हव्यासाने असले मेण खरवडू नये. त्याबरोबर वाजंत्र्याची विद्याच खरवडली जाईल, आणि तिची नोंद अन्यत्र कोठेही नाही.