गाठ नव्हे, हवेची पिशवी



'श्वासनलिकेजवळची गाठ कापून काढाच' असे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. मुळात ती गाठच नव्हे. बहुधा उजवीकडे मागच्या बाजूला, मानेच्या तळाशी असलेली ती हवेची पिशवी. बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये ती सापडते. साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, तेव्हा 'एक्स-रे पुरे' हा सल्लाही फोल.

लेखाने दोष दिलेला अंबरनाथच्या कारखान्यांचा धूर वाईटच, ते आम्हा बदलापूरकरांना शिकवायला नको. पण काही पिशव्या जन्मजात असतात, काही जुनाट खोकल्याच्या दाबाने होतात. पत्त्यावरून निदान होत नाही.

खरी मेख लेखकाच्या नजरेतून सुटली. लोकलमधून पडलेल्या जखमीच्या स्कॅनमध्ये ही पिशवी दिसली, तर श्वासनलिका फाटून हवा बाहेर आली असा समज होऊ शकतो. तो फरक स्कॅनचे बारीक काप पाहूनच कळतो.

त्रास नसेल तर काही करायचे नसते. वारंवार जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविके, कफ पातळ करणारी औषधे, शस्त्रक्रिया क्वचित. मात्र कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला जुना स्कॅन दाखवावा, नळी घालताना तो उपयोगी पडतो.

खुलासा छापावा.

— एक वाचक, बदलापूर (पूर्व)