आपला हात जगन्नाथ : लोकप्रतिनिधींच्या वेतनाविषयी मतदारांस जाहीर पत्रक



लोकप्रतिनिधींच्या वेतनाची, भत्त्यांची आणि सचोटीची चर्चा आपण चावडीवर, एस.टी.च्या थांब्यावर, कचेरीच्या ओसरीत नित्य करतो. परंतु ती बहुधा एखाद्या शेलक्या शिवीने सुरू होते आणि ‘सगळे एकाच माळेचे मणी’ या निकालाने संपते. असा सरसकट निकाल देऊन मोकळा होणारा नागरिक राज्यकर्त्यांना मनापासून आवडतो, कारण सर्वांवर सर्व आरोप केले की कोणावरही एकही आरोप सिद्ध करण्याचा खटाटोप उरत नाही. म्हणून प्रस्तुत पत्रकात संतापाला थोडी शिस्त लावून एकाच मुद्द्याचा विचार योजिला आहे. तो असा की, आमदाराला वेतन किती मिळते हा दुय्यम प्रश्न असून ते कोण ठरवतो, केव्हा ठरवतो आणि कोणत्या रीतीने ठरवतो, हा मुख्य प्रश्न होय.

प्रतिनिधीला वेतन असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. इंग्लंडातील चार्टिस्ट चळवळीने १८३८ साली प्रसिद्ध केलेल्या सनदेत ज्या सहा मागण्या होत्या, त्यांपैकी एक पार्लमेंटच्या सभासदांना वेतन मिळावे ही होती, आणि तिचा हेतू उघड होता : जमीनदार आणि कारखानदार यांच्याखेरीज कष्टकऱ्यालाही कायदेमंडळात बसता यावे. ती मागणी पदरात पडावयास १९११ साल उजाडले. आपल्याकडे १९३१च्या कराची काँग्रेसने, तज्ज्ञांचा अपवाद करून, राज्याच्या सेवकांचे वेतन सामान्यतः दरमहा ५०० रुपयांहून अधिक नसावे असा ठराव केला, आणि १९३७ साली अधिकारावर आलेल्या काँग्रेस मंत्र्यांनी तेवढेच वेतन घेतले. त्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळात मंत्र्यांच्या वेतनाचे विधेयक आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला विरोध केला. राहणीमान, योग्यता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता अशा चारही अंगांनी वेतनाचा विचार व्हावयास हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या वादात खरी बाजू कोणाची, हा निवाडा येथे करावयाचा नाही. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, परक्यांच्या अमलाखालील त्या सभागृहातही मंत्र्याला किती द्यावे यावर उघड, सविस्तर आणि तत्त्वाला धरून वाद झाला.

स्वराज्यातील सभागृहाची रीत आता पाहावी. आपल्या राज्यघटनेच्या १९५व्या अनुच्छेदाने आमदारांचे वेतन व भत्ते कायद्याने ठरविण्याचा अधिकार विधिमंडळालाच दिला, आणि १०६व्या अनुच्छेदाने खासदारांच्या बाबतीत तो संसदेला दिला. घटनाकारांचा यात विश्वास होता; तो विश्वास कसा पाळला गेला याचे प्रमाण २०१६ साली मिळाले. त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ इतका दारुण होता की, एप्रिल महिन्यात लातूरकरांची तहान भागविण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात, पावसाळी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, आमदारांची वेतनवाढ करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत चर्चेवाचून संमत झाले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एकदिलाने वागले. सुमारे पाऊण लाखाची मासिक प्राप्ती दीड लाखाच्याही पलीकडे गेली, आणि मूळ वेतनाची सांगड राज्याच्या प्रधान सचिवाच्या वेतनाशी घालण्यात आली. म्हणजे प्रधान सचिवाचे वेतन वाढले की आमदाराचेही वाढणार, आणि पुन्हा सभागृहात तोंड उघडण्याची आपत्तीही टळणार! संसदेने २०१८ साली अशीच सोय केली. दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार खासदारांचे वेतन आपोआप वाढावे अशी तरतूद झाली, आणि त्या तरतुदीनुसार मार्च २०२५ मध्ये ते दरमहा एक लाखावरून १,२४,००० रुपये करण्यात आले, तेही १ एप्रिल २०२३पासूनच्या फरकासह. महागाईचा निर्देशांक पाहून वेतन वाढावे हे तत्त्व वाईट नाही. परंतु तेच तत्त्व विधवेच्या अनुदानाला लावण्याची घाई सभागृहाला कधी झालेली दिसत नाही.

आता एस.टी.च्या गाडीत चढावे. तेथे आमदारासाठी राखलेले एक आसन असते, तशी अक्षरे वर रंगविलेली असतात, आणि त्या आसनावर बाजाराला निघालेली एखादी म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन निर्धास्त बसलेली असते. कारण तिला उठवावयाला आमदार येणार नाही, हे वाहकालाही ठाऊक असते आणि तिलाही. हे आसन एका काळाची निशाणी आहे. आमदार हा रयतेबरोबर प्रवास करणारा माणूस आहे, असे ज्या काळी गृहीत होते, त्या काळातले ते आहे. आज त्याच गाडीत आयुष्यभर उभा राहून तिकिटे फाडलेल्या वाहकाचे निवृत्तिवेतन १९९५च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली ठरते, आणि त्या योजनेतील किमान रक्कम २०१४पासून दरमहा १,००० रुपये आहे. ज्या आमदाराच्या नावाचे आसन त्याने जन्मभर सांभाळले, त्या आमदाराचे निवृत्तिवेतन २०१६च्या दुरुस्तीने दरमहा ४०,००० वरून ५०,००० रुपये झाले, आणि पाच वर्षांहून अधिक काळ सदस्य राहिलेल्यास वाढीव प्रत्येक वर्षामागे आणखी २,००० रुपये मिळू लागले. शिवाय जो कधी आमदार आणि कधी खासदार होता, त्याला दोन्हीकडची निवृत्तिवेतने घेण्यास कायद्याची आडकाठी नाही.

येथे एक प्रसंग स्मरणात ठेवण्याजोगा आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नेमणूक झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांचे जुने, निश्चित निवृत्तिवेतन बंद झाले. ते परत मिळावे म्हणून मार्च २०२३ मध्ये शिक्षक, परिचारिका, तलाठी यांनी संप केला, तेव्हा तिजोरीला हा भार पेलणार नाही, असे त्यांना सुनावण्यात आले. तिजोरीची चिंता वाहणे हे सरकारचे कर्तव्यच होय, आणि तो हिशेब खोटा होता असेही आम्ही म्हणत नाही. पण ती चिंता जर खरी, तर ती स्वतःच्या ताटापासून का सुरू होऊ नये? जी रीत तेव्हा परिचारिकेसाठी परवडत नव्हती, ती आमदारासाठी कशी परवडते?

यावर एक ठराविक उत्तर मिळते. प्रतिनिधीला भरपूर वेतन दिले म्हणजे त्याला लाचेचा मोह होणार नाही, आणि त्याच्या दारी येणारा माणूस रित्या हाताने परतणार नाही. आमदाराच्या दारी पहाटेपासून रुग्णालयाच्या बिलासाठी, लेकीच्या लग्नासाठी, बदलीसाठी माणसे बसलेली असतात, ही गोष्ट खरी आहे, आणि तिची जबाबदारी काही अंशी आपल्यावरही आहे. परंतु वेतनवाढ हा जर सचोटीचा मोबदला असेल, तर २०१६च्या त्या विधेयकात सचोटीची एखादी अट असावयास हवी होती. दरवर्षी मालमत्तेचे विवरण लोकांपुढे ठेवीन, भत्त्यांच्या पावत्या दाखवीन, असे एक वाक्य तरी त्यात यावयास हवे होते. दूरध्वनीसाठी दरमहा ८,००० रुपयांचा भत्ता मात्र होता. ज्या देशात काही शे रुपयांत महिनाभर अखंड बोलता येते, त्या देशात हा भत्ता दूरध्वनीचा नव्हे. ते दुसऱ्या नावाने दिलेले वेतन होय.

सचोटीच्या बाबतीत जे थोडेबहुत मिळाले, तेही सभागृहाने आपण होऊन दिलेले नाही. उमेदवाराने आपली मालमत्ता, कर्जे आणि गुन्हेगारी खटले प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावेत, हा हक्क मतदाराला २००२ आणि २००३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी मिळाला. मालमत्तेबरोबर उत्पन्नाचा उगमही सांगितला पाहिजे, हे २०१८च्या निर्णयाने ठरले. तथापि निवडणुकीचा हंगाम सरला की ही पाने पाच वर्षे मिटून राहतात. त्या अवधीत प्रतिनिधीची जमीन किती वाढली आणि कोणत्या कमाईतून वाढली, हे मतदाराला पुढच्या निवडणुकीवाचून कळत नाही.

वेतन ठरविण्याची याहून शिष्ट रीत जगात नाही असे नव्हे. ब्रिटनमध्ये २००९ साली सभासदांच्या खर्चाची बिले उघडकीस आली. वाड्याभोवतीचा खंदक साफ करण्याचा आणि तळ्यातील बदकांच्या घरट्याचा खर्चही जनतेच्या माथी मारू पाहणारे महाभाग त्यांत निघाले. लोकक्षोभ इतका झाला की, त्याच वर्षी कायदा होऊन सभासदांचे भत्ते स्वतंत्र प्राधिकरणाकडे सोपवावे लागले, आणि पुढे वेतन ठरविण्याचे कामही त्याच्याकडेच गेले. अमेरिकेच्या घटनेत १७८९ साली सुचविलेली आणि १९९२ साली संमत झालेली एक दुरुस्ती आहे. तिच्या अन्वये वेतनातील बदल मधे एक निवडणूक झाल्यावाचून लागू होत नाही. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? पंजाबात २०२२ साली कायदा होऊन माजी आमदाराला, तो कितीही वेळा निवडून आलेला असो, एकच निवृत्तिवेतन देण्याचे ठरले. सारांश, हे अशक्य आहे असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. आमदारांचे वेतन, भत्ते व निवृत्तिवेतन यांची शिफारस निवृत्त न्यायाधीश, हिशेबतज्ज्ञ आणि श्रमिकांचे प्रतिनिधी यांच्या स्वतंत्र आयोगाने करावी, आणि त्या शिफारशीवर सभागृहात नावनिशीवार मतदान व्हावे.

२. कोणतीही वाढ पुढच्या विधानसभेपासून लागू व्हावी. अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी असे विधेयक मांडण्यास नियमाने मनाई असावी.

३. भत्ता प्रत्यक्ष खर्चापुरता आणि पावतीवरच मिळावा. त्याचा जमाखर्च दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध व्हावा.

४. एका व्यक्तीस एकच निवृत्तिवेतन मिळावे.

५. प्रत्येक आमदाराने आपल्या व आश्रितांच्या मालमत्तेचे विवरण उत्पन्नाच्या उगमासह दरवर्षी जाहीर करावे.

यांतील एकही मागणी आमदाराला उपाशी ठेवणारी नाही. आयोगाने उद्या आजच्याहून अधिक वेतन योग्य ठरविले, तर ते आम्ही आनंदाने देऊ. कारण ते मग घेतलेले नसेल, दिलेले असेल. आज मात्र घेणारा तोच, देणारा तोच आणि हिशेब तपासणाराही तोच, असा कारभार चालू आहे, आणि कोणाही माणसाला स्वतःच्या दाव्यात न्यायाधीश होता येत नाही, हे ज्यांनी कायदे करावयाचे त्यांनीच विसरावे, हा लोकशाहीला लागलेला कलंक होय.

मतदारहो, पुढच्या वेळी उमेदवार आपल्या उंबऱ्यावर हात जोडून उभा राहील, तेव्हा त्याला रस्त्याविषयी आणि पाण्याविषयी जरूर विचारा. पण या पाच मागण्यांविषयीही विचारा, आणि त्याचे उत्तर तोंडी न घेता लेखी, स्वाक्षरीनिशी घ्या. जो स्वाक्षरी देणार नाही त्याला मतही देऊ नका. हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्याच्या हाती द्यावे, ही नम्र विनंती.

आपला,
महाराष्ट्रातील एक मतदार