अबोली : रंग की स्वभाव?

मराठीत रंगांना नावे देताना आपण शेत, बाग आणि स्वयंपाकघर यांच्या फारसे पलीकडे गेलो नाही, आणि ते बरेच झाले. डाळिंबी, वांगी, आमसुली, मोरपंखी, गुलबक्षी... ज्याला वस्तू ठाऊक आहे त्याला रंग समजावून सांगावा लागत नाही. अबोली मात्र या पंगतीत जरा अवघडून बसते. गुलबक्षी म्हटले की रंग दिसतो. अबोली म्हटले की आधी शब्द ऐकू येतो. केशरीत किंचित गुलाबी मिसळून वर भरपूर पाणी ओतल्यासारखा तो फिका रंग डोळ्यांसमोर येईपर्यंत 'अबोल' हे विशेषण पुढे येऊन उभे राहिलेले असते.

साहित्याच्या अध्यापनात या शब्दाचे नुकसान याच कारणाने झाले, असे मला वाटते. कवितेत अबोली आली की लाजरी, मुकी, सोशिक स्त्री हा अर्थ वर्गात ताबडतोब सांगितला जातो. भिंतीवरून उतरणाऱ्या उन्हाची छटा सांगण्यासाठी कवीला दुसरा नेमका शब्द नव्हता, ही शक्यता कोणी विचारात घेत नाही.

नावाचे सहसा दिले जाणारे स्पष्टीकरण असे : या फुलाला वास नाही, गंध हे फुलाचे बोलणे, म्हणून ही अबोली. कल्पना सुंदर आहे, पण ती फुलाविषयीची आहे, बाईविषयीची नव्हे. त्यातही मराठीत 'अबोल'इतकाच 'अबोला'ही आहे. अबोल हा स्वभाव. अबोला धरावा लागतो, आणि समोरच्याला तो सोडवावा लागतो. अबोलीत हा दुसरा शब्द ऐकण्याचे आपल्याला का सुचले नाही? झाडाकडे पाहिले असते तर सुचले असते. अबोलीची वाळलेली बोंडे पाणी लागताच तडकतात आणि बिया दूर उडवतात. इंग्रजीत या फुलाला फटाक्याचे नाव मिळाले आहे.

दक्षिणेत याच फुलाला कनकांबर म्हणतात : सोन्याचे वस्त्र. तमिळ, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांनी फुलाला नाव देताना डोळ्यांवर विश्वास ठेवला, आपण नाकावर. आमच्या नवघरात शेजारशेजारच्या दोन दारांत एकाच वेणीला ही दोन नावे आहेत, आणि कापडाच्या दुकानात त्याच रंगाला तिसरेच : पीच. ज्या फळाशी इथल्या बहुतेकांची ओळख केवळ चित्रातली, त्याच्या नावाने ब्लाउजपीस मागितला जातो. परभाषेतून शब्द येतात याचे मला दुःख नाही. गुलाबीही बाहेरूनच आली. पण परिणाम चमत्कारिक झाला आहे. विद्यार्थ्याला रंग हवा असेल तेव्हा तो पीच म्हणतो आणि प्रतीक हवे असेल तेव्हा अबोली. म्हणजे शब्दातला रंग दुकानाने नेला आणि मुकेपणा तेवढा वर्गात राहिला. मग जुनी कथा वाचताना 'अबोली लुगडे' दिसले की त्यातही तो सोशिकपणा शोधू लागतो. लुगडे नेसणारी कदाचित घरातली सर्वांत भांडखोर बाई असेल!

असो. या शब्दाच्या बाजूने एक गोष्ट घडली ती साहित्याबाहेर. २०१६ मध्ये महाराष्ट्रात महिलांसाठी राखीव परवान्यांवरील रिक्षांना वेगळा रंग ठरला, तो अबोली. आमच्या ठाणे जिल्ह्यात त्या रिक्षा धावू लागल्या. भर रहदारीत वाहन हाकणाऱ्या बायकांसाठी नेमके हेच नाव निवडले जावे यातला विरोध निवडणाऱ्यांच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे. मला वाटते, आला नसावा. सरकारी भाषेत अबोली हे निव्वळ रंगाचे नाव होते, आणि स्थानकाबाहेर 'अबोली रिक्षा' शोधणारा माणूस त्या शब्दाने काळ्या-पिवळ्या गर्दीत एक फिका केशरी ठिपका शोधत होता.