अडवा पाहू जोनाला!

दोस्तांनो, रग्बीचा चेंडू पाहिलाय का कधी? लांबट, थेट अंड्यासारखा! एका संघात पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन खुशाल पळायचं, पण हाताने पास द्यायचा तो बाजूला नाहीतर मागे. समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला, की झाला ‘ट्राय’. गुण पाच!

आता अशा खेळात सहा फूट पाच इंच उंचीचा, ११८ किलोच्या आसपास वजनाचा गडी हरणासारखा पळत सुटला, तर अडवणार कोण?

हा गडी म्हणजे न्यूझीलंडचा जोना लोमू. जन्म १९७५ चा, आई-वडील मूळचे टोंगाचे. १९९४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षीच तो देशाच्या ‘ऑल ब्लॅक्स’ संघात आला. ऑल ब्लॅक्सकडून इतक्या लहान वयात आधी कुणीच कसोटी खेळलं नव्हतं. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक. केपटाउनच्या उपांत्य सामन्यात त्याने इंग्लंडची दाणादाण उडवली. आडव्या आलेल्या माइक कॅटला तर तुडवूनच तो पुढे गेला! एकट्याचे चार ट्राय, न्यूझीलंड ४५-२९ ने विजयी. अंतिम सामन्यात मात्र दक्षिण आफ्रिकेने त्याला एकही ट्राय करू दिला नाही आणि १५-१२ अशी बाजी मारली.

त्याच वर्षाच्या अखेरीस कळलं, की जोनाला मूत्रपिंडाचा गंभीर आजार आहे. या आजारात शरीरातली प्रथिनं लघवीवाटे निघून जातात, अंगावर सूज येते, थकवा येतो. तुम्ही म्हणाल, संपला खेळ! छे! उपचार घेऊन गडी परतला आणि १९९९ च्या विश्वचषकात त्याने आठ ट्राय केले. दोन विश्वचषकांत मिळून पंधरा! २०१५ मध्ये ब्रायन हबानाने त्याची बरोबरी केली, तोवर हा विक्रम एकट्या जोनाचा होता.

पण आजार बळावत गेला. २००३ मध्ये डायालिसिस सुरू झालं. मग २००४ मध्ये ग्रँट केरेआमा या रेडिओ निवेदकाने आपलं एक मूत्रपिंड त्याला दिलं. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर जगू शकतो, बरं का! जोना पुन्हा उभा राहिला, २००५ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ संघाकडून खेळलाही. ऑल ब्लॅक्सची काळी जर्सी मात्र त्याला पुन्हा मिळाली नाही. ६३ कसोट्या आणि ३७ ट्राय, एवढ्यावर ती कारकीर्द थांबली.

२०११ मध्ये ते मूत्रपिंडही थकलं. १८ नोव्हेंबर २०१५ ला, अवघ्या चाळिसाव्या वर्षी जोना गेला.

मैदानावर त्याची ताकद सगळ्या जगाने पाहिली. पण त्यातली कितीतरी वर्षं तो आजार अंगात घेऊन पळत होता, हे ध्यानात ठेवा. आणि हो, ग्रँटलाही विसरू नका!

बराय, भेटू पुढच्या आठवड्यात!