घरचा धान, विकायचा धान

वर्षभर एकच वाक्य डोक्यात ठाण मांडून बसले आहे. “हा घरी खायचा, तो विकायचा.” बोलणारा कुणी एक नाही. इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली अर्जुनी-मोरगावपासून लाखांदूर, वडसा, आरमोरीपर्यंत कुठल्याही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहा; शेतकरी बोट दाखवून सांगतो, कोपऱ्यातली ती बांधी घरची, तिला औषध मारले नाही, पलीकडचे सगळे विकायचे. तो हे लपवत नाही. आपुलकीनेच सांगतो आणि निघताना पाहुण्याला त्या कोपऱ्यातल्याच बांधीचा तांदूळ पिशवीत बांधून देतो. सांगताना त्याचा आवाज जराही अडखळत नाही. माझी खरी चीड त्या न अडखळण्याची आहे.

सरत्या वर्षाचा, २०२५चा, आढावा घेण्याची संपादकीयाची रीत आहे, ती थोडक्यात पाळतो. शाळेत पहिलीपासून हिंदीचा प्रश्न आला आणि लोकांनी आवाज उठवल्यावर सरकारला शासन निर्णय मागे घ्यावा लागला. शिवरायांचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. सप्टेंबरच्या पुराने मराठवाडा खरवडून नेला. त्या घरांत यंदा दिवाळी कशी असेल, हे लिहायला हात धजत नाही. २० मे रोजी जयंत नारळीकर गेले. १८ जूनला मारुती चितमपल्ली गेले. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, पण नवेगावबांधच्या जंगलाने त्यांना आपले मानले आणि त्यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून त्याची परतफेड केली. आमच्या तलावांवर कोणता पक्षी कधी उतरतो, हे आम्हालाच त्यांनी शिकवले. आज सारस म्हटले की गोंदियाचे नाव निघते, शेतकरी धानातले त्याचे घरटे राखतो, उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्याच्यासाठी स्वतःहून दखल घेते. हे सगळे चांगलेच आहे. पण सारस मोठा, देखणा, दुरून दिसणारा. त्याच बांधीवर घोंघावणाऱ्या मधमाशीकडे पाहायला कुणाला सवड आहे?

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ आहे. कथा, कविता, लेख तुम्ही वाचालच. मला मात्र ‘घर’ म्हटले की ते ‘घरी खायचे’च आठवते, म्हणून इथूनच सुरुवात.

विकायचा धान जातो कुठे? आधारभूत खरेदी केंद्रावर, म्हणजे पणन महासंघाकडे किंवा आदिवासी विकास महामंडळाकडे. २०२५-२६चा हमीभाव साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये होता. तिथून तो राइस मिलमध्ये भरडाईला जातो आणि तांदूळ होऊन रेशन दुकानात येतो. रोवणीला चिखलात वाकून उभी राहणारी भूमिहीन बाई तोच तांदूळ घरी नेते. शाळेच्या पोषण आहारात तोच शिजतो. ‘विकायचा’ म्हणून ज्याच्यापासून आपण हात झटकले, तो काही महिन्यांत आपल्याच वस्तीत, आपल्याच पोरांच्या ताटात परत आलेला असतो. ज्याला स्वतःची बांधी आहे त्याने घरचा वेगळा काढावा आणि ज्याला नाही त्याने उरलेला खावा, ही वाटणी आपण गावोगाव मुकाट्याने मान्य केली आहे.

नागपूर-पुण्यात राहणाऱ्या वाचकांनाही यातून सुटका नाही. गावी फोन करून “घरचाच पाठवा हं” असे तुम्ही सांगता. चुलत्याच्या कोपऱ्यातल्या बांधीत तुमचा वाटा ठरलेला असतो. शेजाऱ्याला मात्र दुकानातला चालतो. शिवाय तुम्हाला तांदूळ पांढराशुभ्र हवा आणि दाण्याला डाग नको. एचएमटी आणि जय श्रीराम ही वाणांची नावे तुमच्या तोंडी आहेत. त्यातला एचएमटी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३मध्ये बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरून, पुढे वर्षानुवर्षे निवडून तयार केला. दीड-दोन एकरांचा तो धनी, पण त्याची नजर चुडातल्या एका लोंबीवर थांबायची. तशी नजर ज्या मुलखात होती, त्या मुलखाला शेतातले जीव दिसेनासे झाले, हे मला पटत नाही. आपण पाहायचे सोडले, एवढेच.

वर्षभर छळणारे दुसरे वाक्य पहिल्याचेच भावंड आहे: “धानाला मधमाशी लागत नाही.” खरेच लागत नाही. धानाचे फूल स्वतःच्याच परागावर फळते, फार तर वाऱ्याची मदत घेते. पण मधमाशीला धान लागतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला लोंबीवरची फुले उघडतात, दुपार होईपर्यंत मिटतात, आणि त्या वेळात सातेरी मधमाश्या पराग गोळा करायला लोंब्यांवर येतात. नेमक्या त्याच वेळी पाठीवर पंप अडकवलेला माणूस बांधीत उतरतो. तुडतुड्यासाठी मारलेले औषध धुऱ्यावरच्या तुरीवर, तिळावर, झेंडूवर उडते. बांधीच्या काठाने वाहणाऱ्या पाण्यात उतरते. माशी ते पाणी पिते.

आणि घरचे जेवण म्हणजे नुसता भात नव्हे. परसातल्या कोहळ्याच्या वेलाकडे जरा बसून पाहा. लांब देठाचे फूल नर, आणि बुडाशी गोटीएवढे कोहळे घेऊन आलेले फूल मादी. पहाटे दोन्ही उमलतात, ऊन चढले की मिटतात. तेवढ्या वेळात कुणी माशी एकाची पिवळी पूड दुसऱ्यावर नेऊन टाकली नाही, तर गोटीएवढे कोहळे पिवळे पडून गळते. लवकीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. त्याच्यासाठी रात्रीचे पतंग येतात. वांग्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या पिवळ्या केसरांना टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि पराग आत कोंडलेला असतो. काळा भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो, तेव्हा कुठे तो झडतो. पेटीतल्या माशीला ही विद्या येत नाही, म्हणून नुसत्या मधपेट्या आणून सगळे भागेल, असेही समजू नये. माझ्या माहितीतल्या कितीतरी बायका आता सकाळी उठून नर फूल तोडतात आणि मादी फुलाला हाताने लावतात. ज्यांना हे ठाऊक नाही त्या वेलाला रोग आला म्हणतात आणि गळतीवर उपाय म्हणून आणखी एक बाटली आणतात.

इटियाडोहाने काय दिले, हे मी विसरलेलो नाही. गाढवी नदीवर हे धरण १९७०च्या सुमाराला उभे राहिले आणि तीन जिल्ह्यांतल्या बांध्यांना पाणी मिळाले. उन्हाळी धानामुळे कित्येक घरांत पोरींची शिक्षणे झाली. त्या पाण्याविरुद्ध एक अक्षर लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण पाण्याबरोबर एक गोष्ट गेली, तिची नोंद कुणी घेतली नाही. पूर्वी धान उभा असतानाच ओल्या बांधीत लाखोळी आणि जवस उतेऱ्याने फेकत. धान कापला की पौषात बांध्या निळ्या व्हायच्या. पुढे जंगलात पळस फुलायचा, मग मोह. खरिपातल्या तिळापासून चैत्रातल्या मोहापर्यंत मधमाशीला कुठे ना कुठे घास मिळायचा. ओलिताच्या पट्ट्यात आता खरिपाचा धान निघतो आणि लगेच उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले जातात. निळा महिना मधूनच गळाला आहे. तूर असायची त्या धुऱ्यावर तणनाशक मारून तो पिवळा करून ठेवलेला असतो, कारण स्वच्छ धुरा म्हणजे हुशार शेतकरी, अशी समजूत पसरली आहे.

या समजुतीच्या नेमके उलट घडते, याचा पुरावा आहे. थायलंड, चीन आणि व्हिएतनाममध्ये शास्त्रज्ञांनी धानाच्या धुऱ्यांवर तिळासारखी मधुरसाची झाडे लावून अनेक हंगाम पाहिले. त्याचा निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. फुलांवर पोसलेले बारीक परजीवी कीटक बांधीत शिरून तुडतुड्यांची अंडी संपवतात. कीटकनाशकाचा वापर सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि उत्पादन ५ टक्के वाढले. इंडोनेशियाची गोष्ट त्याही आधीची. तुडतुड्याने हैराण झालेल्या त्या देशाने १९८६मध्ये धानावरच्या ५७ कीटकनाशकांवर एका आदेशाने बंदी घातली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कीटकनाशकांवरचे अनुदान काढून घेतले. उपाशी कुणी मेले नाही. तांदळाचे उत्पादन वाढतच राहिले. कारण तुडतुड्याला खाणारे कोळी आणि ढेकूण फवाऱ्याने आधी मरतात आणि तुडतुडा दुप्पट जोमाने परततो, हे तिथल्या शेतकऱ्यांना बांधीत उतरवून दाखवले गेले. आपल्याकडेही कृषी विद्यापीठाची शिफारस वेगळी नाही. चुडामागे तुडतुडे मोजा, ठरावीक पातळी ओलांडली तरच औषध घ्या, रोवणीत मधे पट्टे सोडा, युरिया आवरा, बांधीतले पाणी काही दिवस काढून टाका. सगळे छापील पत्रकात आहे. पण ते पत्रक बांधीपर्यंत पोचत नाही आणि बाटली पोचते.

कारण उघड आहे. बाटली उधारीवर मिळते. ज्या कृषी केंद्रातून बियाणे आणले, खत आणले, त्याचे पैसे धान विकल्यावर द्यायचे असतात. मग दुकानदार जे हातात ठेवील ते मारायचे. एकात दोन, दोनात तीन मिसळून मारायचे. शेजाऱ्याने मारले म्हणून मारायचे. या साखळीत शेतकरी पहिला गुन्हेगार नाही, पहिला बळी आहे. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यांच्या अंगावर धड कपडे नव्हते, तोंडाला रुमाल होता. विधिमंडळात गदारोळ झाला, चौकशी झाली, आणि आज आमच्या पट्ट्यात फवारणीला जाणारा मजूर तसाच अनवाणी, तसाच रुमाल बांधून जातो.

केंद्र सरकारने २०२०मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. २०२३मध्ये अंतिम आदेश आला तेव्हा सरसकट बंदी त्यातल्या मोजक्यांवरच उरली. मात्र युरोपने करप्यावरच्या ट्रायसायक्लाझोल या औषधाच्या तांदळातल्या अंशाची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आणताच बासमतीवाल्यांची धावाधाव झाली आणि पंजाब आता दर हंगामात बासमतीसाठी ठरावीक औषधांची विक्री काही आठवडे बंद ठेवतो. म्हणजे ते करता येते. घरचा आणि विकायचा याखेरीज परदेशी पाठवायचा, असा तिसरा वाटाही आहे, आणि त्या वाट्याची काळजी सरकार घेते. गोऱ्या माणसाच्या ताटाला जी कसोटी, ती अर्जुनी-मोरगावच्या अंगणवाडीतल्या ताटाला का नको?

‘गावचे ते चांगले’ म्हणून माझे समाधान होत नाही. आठवडी बाजारातली चकचकीत, एकही भोक नसलेली वांगी पाच कोसांवरून आलेली असली तरी शेंडेअळीसाठी त्यांच्यावर किती वेळा फवारले, ते विकणाऱ्यालाच ठाऊक. जवळचे असण्याचा फायदा इतकाच, की विचारता येते. तेवढा तरी घ्या. किडलेले वांगे हातात आले तर फेकण्याआधी किडका भाग कापून उरलेले शिजवा. बाजारात किडकी वांगी विकली जायला लागली की फवारे आपोआप कमी होतील.

आणि मागणी सरकारकडे. धान उत्पादकांना २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षी हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, बोनस जाहीर झाला. तो हवाच, धानाचा खर्च निघत नाही, हे मी जाणतो. पण हा पैसा देताना धान कसा पिकवला, हे कुणी विचारत नाही. ज्याने धुरा फुलता ठेवला, तणनाशक मारले नाही, तुडतुडे मोजून मगच औषध घेतले, त्याला वरचे काही मिळू द्या. त्याचा धान खरेदी केंद्रावर वेगळ्या थप्पीला लावा आणि तो तांदूळ आधी याच तालुक्यांतल्या शाळांत आणि अंगणवाड्यांत शिजू द्या. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२मध्ये मधाचे गाव झाले, कारण सरकार आणि गाव दोघांनी मनावर घेतले. इथे मधाची पेटीही नको. धुरे मोकळे सोडले तरी पुरे आहे.

वाचकांना सांगायचे ते थेट सांगतो. दिवाळीला तुम्ही गावी याल, मंडईच्या जत्रेला जाल, रात्रभर नाटक पाहाल. तेव्हा चुलत्याला घरच्या बांधीतले पोते मागू नका. पुढच्या वर्षाच्या विकायच्या धानाचा सौदा बोला, आणि ठरलेल्या भावातले निम्मे पैसे जूनमध्ये, रोवणीच्या आधी, त्याच्या हातात द्या. खताची आणि बियाण्याची उधारी तिथेच तुटते, आणि उधारी तुटली की कोणती बाटली घ्यायची आणि घ्यायची की नाही, हे तो स्वतः ठरवू शकतो.