हरत्या डावातल्या धावा

कडेगावातल्या क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना विजय हजारे कोण म्हणून विचारलं, तर बहुतेकांच्या तोंडी आधी त्यांच्या नावाची ट्रॉफीच येईल. आज ११ मार्च, त्या ट्रॉफीमागच्या माणसाचा जन्मदिवस. १९१५ साली ते सांगलीत जन्मले, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या गावी. तेव्हा सांगली पटवर्धनांचं संस्थान होतं. वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडं. मोठा फलंदाज निघावा असं त्या घरात काही नव्हतं.

त्यांच्या खेळाचा एक धागा आपल्या जतशीही जुळतो. जतच्या राजांनी ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांना इकडे आणलं आणि हजारे त्यांच्या हाताखाली शिकले. हजारेंची उभं राहण्याची ढब पुस्तकी नव्हती. ग्रिमेटनी ती मोडू दिली नाही. शिकवणाऱ्यानं कुठे हात लावायचा नाही हे ओळखणं फार मोलाचं, आणि आपल्या शाळांच्या मैदानांवर नेमकं तेच दुर्मिळ आहे.

धावा तर त्यांनी पोत्यानं काढल्या. प्रथम श्रेणीत १८,७४० धावा, ६० शतकं. १९३९-४० च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६. प्रथम श्रेणीत भारतीयाचं हे पहिलं त्रिशतक. पण आम्हाला आज आठवतो तो १९४३-४४ चा पंचरंगी सामन्यांचा अंतिम सामना. त्या काळी संघ धर्मावर पडत. हजारे ख्रिस्ती, म्हणून उरलेल्यांच्या ‘रेस्ट’ संघात. मुंबईच्या ब्रेबॉर्नवर हिंदू संघानं ५८१ चा डोंगर उभा केला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या धावा ३८७, त्यातल्या हजारेंच्या एकट्याच्या ३०९! धाकटे भाऊ विवेक एका बाजूनं किल्ला लढवत राहिले. दोघांनी मिळून ३०० जोडल्या, त्यात विवेक यांच्या २१. आणि एवढं करून रेस्ट संघ सामना डावानं हरला.

पुढे हेच घडत गेलं. जानेवारी १९४८, ॲडलेड: ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतक, ११६ आणि १४५, भारताची डावानं हार. पहिल्या डावात दुसरं शतक होतं कोल्हापूरच्या दत्तू फडकरांचं. सांगली आणि कोल्हापूर ॲडलेडला एकत्र उभे होते, हे वाचताना आजही ऊर भरून येतो. १९५२ मध्ये लीड्सला इंग्लंडविरुद्ध भारताची शून्यावर चार अशी दाणादाण उडाली, तेव्हाही सावरायला हेच दोघे. हजारे ५६, फडकर ६४. सामना गेलाच.

हजारेंनी ३० कसोटींत ७ शतकं केली. दोन पराभवात, चार अनिर्णित सामन्यांत गेली. विजयात एकच, पाकिस्तानविरुद्ध मुंबईत नाबाद १४६. सांघिक खेळात गुणांचा पाऊस पाडणाऱ्याचं नशीब जगभर असंच दिसतं. बास्केटबॉलमध्ये विल्ट चेंबरलेननं १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे ५० वर गुण मिळवले, एका सामन्यात तर १००. तरी बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्याचा संघ दोन गुणांनी हरला.

आता आपल्या मुली सांगलीच्या स्मृती मानधनाकडे पाहतात. २०२५ च्या विश्वचषकात तिच्या ४३४ धावा झाल्या आणि चषकही हाती आला. त्या आनंदात आम्हीही आहोत. पण तिच्या धावांना जेवढ्या टाळ्या, तेवढ्याच ॲडलेडच्या १४५ ला मिळायला हव्यात, असं आम्हाला मनापासून वाटतं. समोर पराभव दिसत असताना पुढचा चेंडू सरळ बॅटनं खेळणं ही वेगळीच ताकद आहे. तालुका पातळीवर पहिल्या फेरीत हरून परतणाऱ्या संघातही असं एखादं पोर असतं. बक्षीस समारंभात त्याचं नाव कुणी पुकारत नाही. ते पुकारलं जावं.

पुन्हा हजारेंकडे वळायचं तर, भारताला कसोटीतला पहिला विजय मिळायला १९५२ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. मद्रासला इंग्लंडला डावानं हरवलं, तेव्हा कर्णधार हजारेच होते. मंकडनी सामन्यात बारा बळी घेतले. पंकज रॉय आणि उम्रीगरांनी शतकं ठोकली. हजारेंच्या स्वतःच्या धावा होत्या २०.